टाकलेलं डफडं आणि आपलं नाचणं

मागच्या जयंतीच्या आधीची गोष्ट. चांदूर बाजारला विहारात मिटिंग भरली होती. विषय एकच : मिरवणुकीत डीजे लावायचा की नाही. आम्ही साठीकडे झुकलेले पाचसहा जण एका भिंतीला टेकून बसलो होतो. पोट्टे समोरच्या भिंतीला. मधे सतरंजी आणि तीसपस्तीस वर्षांचं अंतर.

मी उठलो. बोलायची सवय आहेच. म्हणालो, आमच्या काळी मिरवणूक म्हणजे मिरवणूक होती. बँड होता, बेंजो होता, डफडं होतं, संदल होती. गाण्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. आम्ही नाचायचो ते विचार अंगात भिनला होता म्हणून. तुमचं हे काय? छातीत धडधड, कानात दडे, आणि बाबासाहेब राहिले ट्रॅक्टरवर!

आमच्या भिंतीकडून टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागं दाराशी बसलेली एक पोरगी उभी राहिली. कॉलेजात शिकते. तिनं एवढंच विचारलं,

"काका, तुमी नाचत होते तवा माही माय कुठी होती?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मला आठवत होतं. तिची माय ओट्यावर उभी होती. वाड्यातल्या सगळ्या बायापोरी ओट्यावर उभ्या होत्या. आम्ही नाचत होतो आणि त्या बघत होत्या. माझ्या सोन्यासारख्या काळात अर्धा वाडा ओट्यावर होता, हे मला त्या पोरीनं विचारेपर्यंत कधी खटकलं नव्हतं.

दोस्तांनो, हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितो आहे. त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलंय असं नाही. पण प्रश्न एका डीजेपुरता नाही. प्रश्न असा आहे : ज्यांचा भूतकाळ अपमानानं भरलेला आहे, त्यांनी जुन्या दिवसांसाठी हळवं व्हावं का? झालोच हळवे, तर नेमकं कशासाठी?

आधी सांगतो, आम्ही नाचायचो कशावर.

१९८० नंतरची ती आठदहा वर्षं. वाड्यात टेपरेकॉर्डर आला होता. कॅसेट स्वस्त झाली होती. त्याआधी गाणं ऐकायचं तर कव्वालीचा सामना बसेपर्यंत वाट पाहावी लागे. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्रभर सवालजवाब, आणि सकाळी डोळे लाल करून लोक कामाला जात. कॅसेट आली आणि वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप घरात आले. वामनदादांनी (१९२२–२००४) गावोगाव फिरून हजारोंनी गाणी लिहिली. ती आमच्या मायबापांना तोंडपाठ होती. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र गाण्यातून वाचलं. पुस्तक नंतर आलं.

पण खरं सांगायचं तर आम्ही पोट्टे फक्त त्याच्यावर नाचत नव्हतो. १९८२ ला 'डिस्को डान्सर' आला. अमरावतीला जाऊन पाहून आलेला एक मित्र आठ दिवस वाड्यात मिथुनसारखा चालत होता. बप्पी लाहिरीची ती चाल बँडवाल्यांनी उचलली, आणि भीमगीतवाल्यांनीही उचलली. चाल सिनेमाची, शब्द भीमाचे. कोणी नाक मुरडलं नाही. आणि 'नागिन'! सिनेमा १९५४ चा, आमच्या जन्माआधीचा, पण ती बीन वाजली की एक पोट्टा रुमाल दातात धरून जमिनीवर लोळणारच. ती बीन बीनच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर कल्याणजींनी ती वाजवली होती, सोबत रवींचं हार्मोनियम. म्हणजे ज्याला आम्ही अस्सल गारुड्याचं समजून लोळत होतो ते मशिनीतूनच आलं होतं. आज पोट्ट्यांना "मशिनीवर काय नाचता" म्हणताना हे लक्षात ठेवलं पाहिजे.

मिरवणूक संध्याकाळी निघायची. एप्रिलचं ऊन उतरलं की. बैलबंडीवर फोटो, पुढं बँड, मागं हातगाडीवर जनरेटर. बायाबापे पांढऱ्या कपड्यात. नीळ उधळलेली. बँडवाले दमले की डफडं. डफड्याची जात वेगळी. वाटेत कुठंतरी काटक्या पाचोळा पेटवून ते शेकायचं. कातडं तापून ताणलं गेलं की त्याला आवाज येतो. कमी तापलं तर बोदं वाजतं, जास्त तापलं तर फाटतं. शेकलेल्या डफड्यावर एका हातात जाड टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन तो माणूस सुरू झाला की, बाप्पा! पाय जमिनीवर राहत नसत. मी बँडवर नाचलो, कॅसेटवर नाचलो, पण डफड्यावर नाचलो तसा कशावरच नाही.

आता इथं अडचण सुरू होते.

माझा आजा डफडं वाजवायचा. म्हणजे त्याला वाजवावं लागायचं. गावात पाटलाच्या घरी लग्न, वाजव. कोणी मेलं, वाजव. पोळ्याला वाजव. देवीपुढं रेडा नेताना वाजव. मांडवात पाय ठेवायचा नाही, मांडवाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं. लोक जेवून उठले की उरलंसुरलं ओच्यात. त्याच्या वाजवण्यावर वऱ्हाडी नाचत, पण त्याची सावली पडली तर अंघोळ करत. आवाजाला विटाळ नव्हता, माणसाला होता. कातड्याला विटाळ नव्हता, ते ताणणाऱ्या हाताला होता. ही गंमत फक्त या देशातल्या धर्मालाच जमते.

१३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेब अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. तेव्हा अंबादेवीच्या दाराचा प्रश्न पेटला होता. त्याच वर्षी महाडला त्यांनी मेलेलं ढोर ओढू नका, मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका असं बजावलं होतं. हळूहळू वाड्यावाड्यांत वारं शिरलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर पूरच आला. माझा आजा नागपूरहून परत आला तो डफडं टाकूनच. फोडलं की गहाण टाकलं, त्यानं कधी सांगितलं नाही. गाववाले दारात आले, शिव्या दिल्या, शेतातलं काम बंद केलं. तो म्हणे, "आता नाई वाजवत मी." एवढंच. माझ्या घराण्यातलं सर्वांत मोठं भाषण चार शब्दांचं आहे.

तर मग मी, त्याचा नातू, १९८३ सालात डफड्यावर बेभान होऊन नाचतो आणि आज साठीत ते आठवून डोळ्यात पाणी आणतो, हे काय आहे? आज्यानं ज्याच्यावर थुंकलं ते मी चाटतो आहे का?

पांढरपेशांच्या आठवणी पहा. त्यांना जुनं गाव आठवतं. आंब्याची झाडं, चिरेबंदी वाडा, बलुतेदारांचं गुण्यागोविंदानं नांदणं. वाडा झाडायला कोण होतं, ढोर कोण ओढत होतं, हे त्या आठवणीत येत नाही. पहाटेची सनई येते, सनईवाला येत नाही. त्यांच्या हळवेपणाचं हेच मर्म आहे : आवाज ठेवायचा आणि माणूस पुसायचा. आपण यावर शेकडो वेळा लिहिलं, बोललो. आपण म्हणालो, आम्हाला असलं स्मरणरंजन परवडत नाही. आमचा भूतकाळ म्हणजे जखम.

बरोबर म्हणालो. पण आता माझ्याच आठवणीत बघतो तर काय दिसतं?

१९८३ च्या त्या मिरवणुकीत डफडं वाजवणारा कोण होता? आमच्यापैकी कोणी नव्हता. आम्ही तर टाकलं होतं. तो मातंग वस्तीतला होता. त्या वस्तीला आम्ही तेव्हा कोणत्या नावानं हाक मारायचो ते इथं लिहायची मला लाज वाटते. आम्ही टाकलेलं डफडं हवेत विरलं नाही, दोस्तांनो. गावाला वाजंत्री लागतच होते. जे काम आपण नाकारलं ते बऱ्याच गावांत आपल्या शेजारच्या वस्तीच्या गळ्यात आणखी घट्ट बसलं. त्यात आपला दोष नाही. बेडी तोडणाऱ्यानं शेजाऱ्याची बेडी तुटेपर्यंत थांबावं असा काही कायदा नाही. पण त्यानंतर आपण काय केलं, हा दोष मात्र आपला.

आम्ही त्याला जयंतीला बोलावलं. ठरवून, पैसे देऊन. पैसे चुकवले नाहीत. पण मला आठवतं, तो आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा होता आणि आम्ही सोळासतरा वर्षांचे पोट्टे त्याला "ए, जोरानं वाजव लेका" म्हणत होतो. मिरवणूक संपली. विहारासमोर पंगत बसली. तो पंगतीत नव्हता. बाजूला, हातगाडीच्या चाकाला टेकून बसला होता. कोणीतरी त्याला तिथं पत्रावळ नेऊन दिली. कोणी म्हटलं नाही की तू तिथं बस. आणि कोणी म्हटलं नाही की इकडं ये. तो आपोआप तिथं बसला, आणि आम्हाला ते आपोआप बरोबर वाटलं.

माझा आजा तेव्हा जिवंत होता. ओट्यावर बसून त्यानं हे पाहिलं. तो काही बोलला नाही. उठून घरात गेला. मला वाटलं, बुढ्याला झोप आली.

त्याला झोप आली नव्हती, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

म्हणून म्हणतो, माझ्या त्या गोड आठवणीतही तेच घडलं जे पांढरपेशांच्या आठवणीत घडतं. आवाज राहिला, माणूस पुसला. ओट्यावरच्या बाया पुसल्या. चाकाला टेकलेला माणूस पुसला. आठवण आपल्या जातीची असली म्हणून ती आपोआप विद्रोही होत नाही. शोषितांनाही खोटं आठवता येतं.

मग काय, नाचणंच सोडून द्यायचं? असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांचं म्हणणं दोन प्रकारचं. ते नीट तपासू.

पहिलं : नाचणं धम्मात बसत नाही. जयंती म्हणजे विचारांचा दिवस, वाचन करा, व्याख्यान ठेवा. व्याख्यान ठेवाच, मीही व्याख्याता आहे. पण धम्माचं नाव पुढं करताना धम्मात काय आहे ते तरी पहा. नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहण्याचं शील अष्टशीलात येतं, उपोसथाच्या दिवशी घ्यायचं. रोजच्या पंचशीलात ते नाही. पंचशीलात दारू आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू आहे. म्हणजे मिरवणुकीत पाहायचं असेल तर कोण नाचतो ते पाहू नका, कोण पिऊन आला ते पहा. दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. त्यात पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन बुद्धापुढं गातो, आणि गातो ते बुद्धाबरोबरच आपल्या प्रेमाचंही. बुद्ध त्याला हाकलत नाहीत. तुझ्या तारेचा आणि गळ्याचा सूर छान जुळला आहे, अशा अर्थाचं बोलतात. आणि सोण नावाच्या भिक्खूला समजावताना त्यांनी वीणेचाच दाखला दिला : तार फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. आमचा डफडेवाला जाळावर तेच करत होता. बाबासाहेब तर स्वतः व्हायोलिन शिकत होते. ज्याला आपण रात्रंदिवस अभ्यास करणारा माणूस म्हणून ओळखतो, त्याला सूर लावावासा वाटला. तेव्हा कोरडेपणाला धम्म म्हणू नका.

दुसरं म्हणणं : नाचगाणं म्हणजे करमणूक, त्यात राजकारण नसतं. असं असतं तर बरं झालं असतं. १७३९ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायदा आला आणि त्यात गुलामांनी ढोल वाजवायला बंदी आली. मालकांना ढोलाची भीती वाटत होती. आणि इतक्या लांब कशाला जायचं? २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. मोबाइलमध्ये बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, तिथून भांडण सुरू झालं. २०२३ च्या जूनमध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत आपलाच एक तरुण मारला गेला, ज्या गावात त्या वर्षी भीमजयंती काढली होती. गाणं वाजलं म्हणून जिथं जीव जातो तिथं गाणं म्हणजे नुसती करमणूक कशी? आपल्या माणसानं मोकळ्या रस्त्यावर, गावाच्या मधोमध, हात वर करून नाचणं ही गोष्टच मुळात कोणाच्या तरी डोळ्यात खुपते. ज्या रस्त्यानं माझा आजा वाकून, चपला हातात घेऊन जायचा, त्याच रस्त्यावर मी नाचलो. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. १९७९ ला नागपूरहून लाँगमार्च निघाला. १९९४ उजाडेपर्यंत नामविस्तार झाला नव्हता. त्या मधल्या वर्षांत आम्ही नाचलो. पोटात राग होता, तो पायात उतरत होता. त्या नाचण्याची मला लाज नाही.

तेव्हा नाचणं बरोबर. आता डीजेकडं येऊ.

डीजेविरुद्ध ओरडणाऱ्यांत सगळेच शांततेचे पुजारी नसतात. १२ जुलै १९७९ ला अमेरिकेत शिकागोच्या एका मैदानावर हजारो लोक जमले आणि डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. कारण सांगितलं होतं की हे संगीत भिकार आहे. पण डिस्को वाढलं होतं काळ्या लोकांत, लॅटिनोंत आणि समलिंगींत, आणि संगीताच्या आडून राग कोणावर निघतो आहे हे पुष्कळांनी तेव्हाच ओळखलं. आपल्याकडं देवाच्या मिरवणुकीत भिंती हादरल्या तर ती श्रद्धा, आणि भीमजयंतीत हादरल्या तर तो धिंगाणा. हे माप खोटं आहे. ते आपण मान्य करायचं नाही.

पण माप खोटं आहे म्हणून आवाज खरा होत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सणासुदीला सरकारनं दिली तर बारापर्यंत मोकळीक. ८५ डेसिबलचा आवाज माणसाच्या कानानं दिवसात आठ तासांपर्यंत सोसावा असं कामगारांच्या आरोग्याचे जाणकार सांगतात. पुढं दर तीन डेसिबलला ती वेळ अर्धी होते. हिशेब करा : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पाव तास. डीजेच्या भिंतीपुढं तीन तास नाचणाऱ्या पोट्ट्याच्या कानाचं काय होत असेल? आणि त्या भिंतीला लागून घरं कोणाची आहेत? आपलीच. दम्याची म्हातारी आपली, तान्हं लेकरू आपलं, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी आपली. ज्यानं शिका म्हणून सांगितलं त्याच्या नावानं आपण तिचं पुस्तक मिटतो आहोत.

तरीही एक गोष्ट डीजेच्या बाजूनं बोललीच पाहिजे. डीजेत कोणाला "ए, वाजव लेका" म्हणावं लागत नाही. चाकाला टेकून बसायला कोणी लागत नाही. खालच्या मानलेल्या हाताशिवाय नाच होऊ शकतो, हे मशिनीनं दाखवलं. आमचं जुनं सुख एका माणसाच्या खाली बसण्यावर उभं होतं. पोट्ट्यांचं तसं नाही. शिवाय त्यांच्या नाचात पोरी आहेत. हे दोन्ही मोठे फायदे आहेत, आणि "आमच्या काळी" म्हणताना आम्ही ते दोन्ही झाकून ठेवतो.

म्हणजे वाद्य जुनं की नवं हा प्रश्नच नाही. मला आता वाटतं, कोणत्याही नाचाला तीन गोष्टी विचाराव्यात. वाजवणारा कोण, आणि जेवताना तो कुठं बसतो? ओट्यावर कोण उभं आहे, आणि का? गाण्यातला शब्द ऐकू येतो का? माझा १९८३ चा नाच तिसऱ्या प्रश्नात पास होतो, पहिल्या दोनात नापास. आजचा नाच पहिल्या दोनात बराच पास, तिसऱ्यात नापास. दोघांनी एकमेकांना शिकवायचं ते एवढंच आहे. भिंतीभिंतीला टेकून बसायचं कारण नाही.

राहिलं डफडं. ते पुन्हा हातात घ्यावं का? तामिळनाडूत पराई नावाचं डफड्याच्या जातीचंच वाद्य आहे. परयर लोकांना मर्तिकात ते वाजवावं लागे. तिथल्या दलितांनी कित्येक गावांत ते वाजवायचं नाकारलं, त्यापायी मार खाल्ला. आणि नंतर, नाकारून झाल्यावर, तिथल्याच पोरांनी ते आपल्या मंचावर आणलं. दिंडीगलला 'शक्ती' म्हणून दलित पोरींचं पथक उभं राहिलं. बायांनी शिवू नये अशा वाद्यावर त्या पोरी उभ्या राहून वाजवतात. आपल्याकडंही भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशानं हेच केलं होतं. तमाशाची ढोलकी घेतली, तुणतुणं घेतलं, बतावणी घेतली. गण-गवळण टाकली. वाद्य ठेवलं, हुजरेगिरी टाकली.

पण यात एक क्रम आहे, तो विसरू नका. आधी नकार, मग स्वीकार. ज्याला नाही म्हणायची सोय आहे त्यानंच हो म्हणण्यात इज्जत आहे. माझ्या आज्याच्या त्या चार शब्दांशिवाय डफड्याला कला म्हणणं म्हणजे बेडीला दागिना म्हणणं. आणि तो नकार ज्याच्या वाट्याला अजून आला नाही, त्याच्या हातात डफडं देऊन "आपली संस्कृती" म्हणून टाळ्या पिटणं तर त्याहून वाईट.

मिटिंगनंतर दोन दिवसांनी मी त्या वस्तीत गेलो. तो डफडेवाला वारला आहे. मुलगा वायरिंगची कामं करतो. घरी होता. खुर्ची दिली, चहा दिला. मी म्हणालो, जयंतीला या. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं,

"जयंतीले बोलावता का वाजवाले?"

मी म्हणालो, जयंतीले.

"बाचं डफडं नाई आता. मोडलं."

मी म्हणालो, डफड्यासाठी आलो नाही. तुझ्या बापाला आम्ही पंगतीत बसवलं नव्हतं, ते सांगायला आलो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बा सांगे." एवढंच. बापानं ते घरी सांगितलं होतं. म्हणजे चाळीस वर्षं ती पंगत त्या घरात होती. फक्त आमच्या आठवणीत नव्हती.

जयंतीला तो आला. बायको आणि दोन लेकरं घेऊन आला. पोट्ट्यांनी साउंड लहान केला होता. माझ्या भाषणानं नव्हे. त्या पोरीनं गाण्यांची यादी करून आणली होती आणि म्हणाली होती, शब्द ऐकू आले पाहिजेत. तिची माय यंदा ओट्यावरून खाली उतरली. फार नाचली नाही, दोन पावलं टाकली आणि हसून पदर तोंडाला लावला. त्या माणसाची लेकरं नाचली. तो नाचला नाही. बाजूनं चालत राहिला. ती त्याची मर्जी. पंगतीत माझ्या शेजारी बसला, आम्ही फारसं बोललो नाही.

मला अजूनही डफडं आठवतं. रात्री कधी लांबून कुठं वाजलं तर पाय हलतात. त्याची मी आता लाज धरत नाही. फक्त ते आठवलं की मी माणूसही आठवायचा प्रयत्न करतो. जाळ, कातडं, टिपरू, आणि त्यानंतर चाकाला टेकलेली ती पाठ.

तुम्ही तरुण आहात. तीस वर्षांनी तुम्हीही कुठल्या तरी भिंतीला टेकून "आमच्या काळी" म्हणाल. तेव्हा दाराशी बसलेली एखादी पोरगी उठून विचारील, काका, काकू, तुम्ही नाचत होतात तेव्हा अमुक कुठं होता? त्या प्रश्नातलं नाव कोणाचं असेल, ते आजच आपल्या मिरवणुकीत आजूबाजूला पाहून शोधा. शोधून त्याला आत घ्या. मग खुशाल नाचा.

जय भीम.